पाव्हलोव्हचे घर

स्टालिनग्राड (आताचे व्होल्गोग्राड) येथील एक चारमजली विटांची इमारत. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, रूढ गणनेप्रमाणे ५८ दिवस, सोव्हिएत शिबंदीने ती राखली. मुळात सहकारी संघाच्या नोकरवर्गाच्या बिऱ्हाडांसाठी बांधलेल्या या वास्तूच्या पुढ्यात ‘९ जानेवारी’ चौक, पलीकडे जर्मनांचे मोर्चे आणि पाठीमागे पिठाची गिरणी व व्होल्गा नदी असल्यामुळे, ती ज्याच्या कबजात असेल त्याच्या बंदुकीखाली सारा चौक येत असे.

१३ व्या गार्ड्‌स डिव्हिजनमधील सार्जंट याकोव्ह फेदोतोविच पाव्हलोव्ह (१९१७–८१) हा टेहळणीच्या कामगिरीवर तिघा सोबत्यांसह रात्री या घरात शिरला, आतल्या जर्मनांना त्याने हुसकावले आणि तळघरात आश्रयाला राहिलेल्या रहिवाशांच्या सोबतीनेच तेथे ठाण मांडून वरिष्ठांकडे खबर धाडली. काही दिवसांनी लेफ्टनंट इव्हान अफानास्येव मशिनगनसह कुमक घेऊन आला आणि शिबंदीचा अंमल रीतसर त्याच्याकडे गेला. तीत रशियन, युक्रेनियन, जॉर्जियन, उझबेक, ताजिक, कझाक असे नाना प्रांतांचे शिपाई होते.

या शौर्याचे स्वरूप नीट समजण्यासाठी ६२ व्या सैन्याचा सेनापती वासिली चुइकोव्ह याची युद्धरीती ध्यानात घ्यावी लागते. शत्रूची विमाने व तोफा वरचढ असल्याने, आपली आघाडी त्याच्या इतकी निकट ठेवावी की हातबाँब फेकण्याएवढेच अंतर उरावे आणि बाँब टाकताना त्याच्या वैमानिकाला स्वतःच्याच फौजेचे भय वाटावे, असा त्याचा हुकूम होता. साहजिकच मोठ्या पलटणींच्या जागी लहान तुकड्या आल्या; दारातून आधी हातबाँब आत जाई, मागून शिपाई, आणि बंदूक चालवण्याइतकी जागा नसली तर खंजीर किंवा धार लावलेले खंदक खणायचे फावडे उपयोगी पडे. पाव्हलोव्हच्या घरात मात्र चढाईपेक्षा टिकून राहणे अधिक होते: भिंतींना जंग्या पाडल्या, चौकात सुरुंग पेरले, गिरणीकडे चर खणून रसदेची वाट केली. रणगाडा भिंतीजवळ आला की त्याची तोफ वरच्या मजल्यापर्यंत उचलली जात नसे, आणि तेथून रणगाडाविरोधी बंदुकीचा नेम त्याच्या पातळ माथ्यावर धरता येई.

पॅरिस घेताना जितके जर्मन पडले त्याहून अधिक या एका घरापायी पडले, असे चुइकोव्हने पुढे लिहिले. पण जून १९४० मध्ये पॅरिस खुले शहर जाहीर होऊन बिनलढत पडले होते, हे पाहता या तुलनेला फारसे वजन देता येत नाही. नावाच्या बाबतीतही न्याय झाला असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. आधी शिरला तो पाव्हलोव्ह, म्हणून घर त्याच्या नावे दप्तरी चढले व जून १९४५ मध्ये ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताबही त्यालाच लाभला; दोन महिन्यांतला बहुतेक काळ जबाबदारी वाहणाऱ्या अफानास्येवच्या वाट्याला तो आला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस चौक ओलांडून समोरच्या इमारतीवर चाल करण्याचा हुकूम सुटला तेव्हा, इतके दिवस भिंतींनी राखलेली शिबंदी उघड्यावर येऊन तिची भारी हानी झाली आणि स्वतः पाव्हलोव्हही जखमी झाला.

१९४३ मध्ये अलेक्सांद्रा चेर्कासोव्हा हिच्या पुढाकाराने स्त्रियांच्या स्वयंसेवी पथकाने घराच्या पुनर्बांधणीस हात घातला आणि त्यातून शहरभर श्रमदानाची चळवळ उभी राहिली. वासिली ग्रोसमन याच्या ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीतील वेढलेल्या घरामागे हीच हकीकत असल्याचे मानले जाते. १९८५ मध्ये जुन्या विटांचा एक भाग स्मारकभिंत म्हणून राखण्यात आला. उरलेल्या इमारतीत पूर्ववत बिऱ्हाडे नांदतात.