पन्नाशीनंतर घर घेताना गृहकर्ज एजंटची मदत: जबलपूरमधील मराठी कुटुंबांसाठी माहिती

थोडक्यात

- गृहकर्जासाठी एजंट नेमणे बंधनकारक नाही. बँकेत थेट अर्ज करता येतो.
- एजंटचे कमिशन बँक देते, आणि ते सहसा वाटप झालेल्या कर्जाच्या रकमेवर ठरते. त्यामुळे मोठे कर्ज त्याच्या फायद्याचे असते. पन्नाशीनंतर तुमचा फायदा बहुधा लहान कर्जात असतो.
- म्हणून कर्जाची रक्कम, हप्ता आणि कर्ज कोणत्या वयापर्यंत संपवायचे, हे एजंटला फोन करण्यापूर्वी घरी ठरवा.

ही माहिती कोणासाठी?

जबलपुरात आयुधनिर्माणी, पश्चिम मध्य रेल्वे, वीज कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांतील अनेक कर्मचारी नोकरीची सारी वर्षे क्वार्टरमध्ये काढतात. निवृत्तीनंतर क्वार्टर ठराविक मुदतीत रिकामे करावे लागते. त्यामुळे घराचा शोध पन्नाशीनंतर, कधी निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना सुरू होतो. घाई असते, आणि अशा वेळी एजंटचे सगळे म्हणणे मान्य केले जाते. नोकरीचे शेवटचे टप्पे आणि निवृत्तीची पहिली वर्षे अशा दोन्ही काळांत हप्ता भरावा लागणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

गृहकर्ज एजंट म्हणजे कोण?

बँका आणि गृहवित्त कंपन्या ग्राहक आणण्यासाठी बाहेरच्या व्यक्ती किंवा संस्था नेमतात. त्यांना डायरेक्ट सेलिंग एजंट, म्हणजे डीएसए म्हणतात. तो कागदपत्रे गोळा करतो, अर्ज भरतो आणि मंजुरीपर्यंत पाठपुरावा करतो. ज्यांना बँकेच्या फेऱ्या मारणे जड जाते त्यांना या मदतीचा खरा उपयोग होतो.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा.

1. डीएसएला रिझर्व्ह बँक वेगळा परवाना देत नाही. बँकेने दिलेले अधिकृत ओळखपत्र हाच त्याचा पुरावा. नाव आणि क्रमांक शाखेत फोन करून पडताळा.
2. एजंट नेमला म्हणून बँकेची जबाबदारी संपत नाही. एजंटच्या वागणुकीबद्दल बँकेला जाब विचारता येतो.
3. घर दाखवणारा दलाल वेगळा. नोंदणीकृत प्रकल्पातील घर किंवा भूखंड विकून देणाऱ्या दलालाची रेरा कायदा, २०१६ नुसार नोंदणी लागते. मध्य प्रदेश रेराचे कार्यालय भोपाळला असून प्रकल्प व दलाल यांची नोंद त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. एकच माणूस घर आणि कर्ज दोन्ही जुळवून देत असेल तर दोन्ही व्यवहारांत त्याचे कमिशन आहे, हे धरून चाला.

वय आणि मुदत: आधी हा हिशेब करा

कर्ज कोणत्या वयापर्यंत फेडून झाले पाहिजे याची मर्यादा प्रत्येक बँक स्वतः ठरवते. अनेक ठिकाणी ती ७० वर्षे असते, काही ठिकाणी कमी किंवा जास्त. ५५ व्या वर्षी ₹२० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने घेतले तर चित्र असे दिसते (दर फक्त उदाहरणासाठी आहे):

| कर्ज संपण्याचे वय | मासिक हप्ता | एकूण व्याज | ६० व्या वर्षी उरलेले मुद्दल |
|---|---|---|---|
| ६५ (१० वर्षे) | ₹२४,७९७ | सुमारे ₹९.७६ लाख | सुमारे ₹१२.०९ लाख |
| ७० (१५ वर्षे) | ₹१९,६९५ | सुमारे ₹१५.४५ लाख | सुमारे ₹१५.८८ लाख |
| ७५ (२० वर्षे) | ₹१७,३५६ | सुमारे ₹२१.६५ लाख | सुमारे ₹१७.६२ लाख |

एजंट बहुधा दुसरा रकाना दाखवतो, कारण हप्ता कमी दिसतो. तुम्ही शेवटचा रकाना पाहा. निवृत्तीच्या दिवशी एवढे देणे शिल्लक असेल. ते ग्रॅच्युइटीतून फेडणार की निवृत्तिवेतनातून, याचे उत्तर आधी हवे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ६०, तर मध्य प्रदेश शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे ६२ आहे. हा दोन वर्षांचा फरकही हिशेबात धरा.

जोडीदाराचाही विचार करा. कुटुंब निवृत्तिवेतन कालांतराने मूळ निवृत्तिवेतनापेक्षा कमी होते. तेवढ्या रकमेतून हप्ता आणि औषधपाणी निभेल का, हे कागदावर लिहून पाहा.

स्वतःजवळ किती रक्कम हवी?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ₹३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ₹३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज मिळू शकते. ₹१० लाखांपेक्षा महाग घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च धरला जात नाही, म्हणजे तो खर्च स्वतः करावा लागतो. "शंभर टक्के कर्ज करून देतो" असे कोणी म्हटले तर ते लेखी मागा.

एजंटला भेटण्यापूर्वी

- चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत अहवाल मिळतो. तो स्वतः काढा.
- ज्या बँकेत पगार किंवा निवृत्तिवेतन जमा होते तेथे आधी विचारा. तेथील दर हाताशी असला की तुलना सोपी होते.
- केंद्र सरकारी कर्मचारी असाल तर कार्यालयात गृहबांधणी अग्रिमाची चौकशी करा. त्याची कमाल मर्यादा ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा ₹२५ लाख, यांपैकी कमी असलेली रक्कम आहे. घराची किंमत आणि फेडण्याची क्षमताही पाहिली जाते. निवृत्ती जवळ असल्यास ग्रॅच्युइटीचा काही भाग हिशेबात धरण्याची सोय आहे. हे एजंट सांगणार नाही, कारण त्यात त्याला कमिशन नाही.

एजंटला विचारायचे प्रश्न

1. तुम्ही कोणकोणत्या बँकांचे अधिकृत एजंट आहात?
2. माझ्याकडून काही शुल्क घेणार का? कशासाठी? पावती देणार का?
3. माझा अर्ज कोणत्या बँकांत पाठवणार? (एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज गेल्यास चौकशीच्या नोंदी वाढतात आणि क्रेडिट स्कोअरवर परिणाम होऊ शकतो. दोन बँकांची नावे ठरवून तेवढीच परवानगी द्या.)
4. दर बदलता आहे की स्थिर?
5. विम्याचा हप्ता कर्जात मिळवला आहे का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. वय वाढले की कर्जसंरक्षण विम्याचा एकरकमी हप्ता मोठा होतो, आणि तो कर्जात मिळवला की त्यावरही व्याज लागते. विमा उपयोगी असू शकतो, पण विशिष्ट कंपनीचाच घ्या अशी सक्ती करता येत नाही.

सही करण्यापूर्वी मुख्य तथ्य पत्रक वाचा

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक देणे बँकांना बंधनकारक आहे. त्यात व्याज, सर्व शुल्के आणि ती धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर असतो. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत. पत्रकात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. "आजच सही करा, उद्या दर वाढेल" असे एजंट म्हणाला तरी हे दिवस सोडू नका.

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून काही भाग फेडता येतो. मात्र सगळी रक्कम घरात घालू नका. आजारपणासाठी वेगळी ठेवा.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.०: व्याज अनुदान

१ सप्टेंबर २०२४ पासून लागू असलेल्या या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ₹९ लाखांपर्यंत आणि देशात कोठेही पक्के घर नसणे आवश्यक आहे. घराची किंमत ₹३५ लाखांपर्यंत आणि कर्ज ₹२५ लाखांपर्यंत असावे. पहिल्या ₹८ लाखांवर, कमाल १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत, ४ टक्के अनुदान मिळते. एकूण रक्कम जास्तीत जास्त ₹१.८० लाख असून ती पाच वार्षिक हप्त्यांत खात्यात जमा होते.

निवृत्तीजवळच्या अर्जदारांनी एक अट नीट पाहावी. अनुदानाचा हप्ता देताना कर्ज चालू असावे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावे लागते. ग्रॅच्युइटी मिळताच कर्जाचा मोठा भाग फेडला तर पुढचे हप्ते थांबू शकतात. दोन्ही आकडे तोलून निर्णय घ्या. "अनुदानाची फाइल" करून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मध्य प्रदेशातील कागदपत्रे: मराठी वाचकांसाठी शब्द

| येथे म्हणतात | महाराष्ट्रातील जवळचा शब्द |
|---|---|
| रजिस्ट्री | खरेदीखत |
| विक्रय अनुबंध | साठेखत |
| खसरा | सातबारा |
| बी-१ | आठ-अ |
| नामांतरण | फेरफार |
| डायवर्शन | बिनशेती |
| बयाना | विसार |

दस्तनोंदणी संपदा २.० प्रणालीवर होते. नजूल, लीज किंवा छावणी हद्दीतील मालमत्ता असेल तर विसार देण्यापूर्वी बँकेच्या वकिलाचे मत घ्या. जुने घर घेताना त्यावर आधीचे कर्ज आहे का, हे सेरसाईच्या नोंदीत तपासता येते.

हे करू नका

- कोऱ्या अर्जावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नका. ओटीपी सांगू नका.
- उत्पन्न फुगवून दाखवणारी कागदपत्रे देऊ नका. सही तुमची असते, जबाबदारीही तुमचीच.
- मूळ कागदपत्रे एजंटकडे ठेवू नका. ती बँकेतच द्या आणि पोच घ्या.
- पात्रता वाढवण्यासाठी मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार करण्यापूर्वी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. पूर्ण कर्जाची जबाबदारी त्यांच्यावरही येते आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या घराच्या कर्जाची पात्रता घटते.

तक्रार कोठे करावी?

प्रथम बँकेच्या तक्रार विभागात लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर करावी. ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करावा.

कर्ज फिटल्यावर

पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत बँकेने मूळ कागदपत्रे परत केली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दररोज ₹५,००० भरपाई मिळते. कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारसांना कागदपत्रे देण्याची पद्धतही बँकेने ठरवलेली असते. कर्ज घेतानाच ती विचारून घ्या आणि कर्जाची फाइल कोठे ठेवली आहे हे घरात दोघांना माहीत असू द्या.