बाळाची पहिली आंघोळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याचा वास दरवळू लागला, की घरातल्या लहानथोरांना अभ्यंगाची आठवण होते. घरात तान्हे मूल असेल तर त्याला मात्र या दिवसाचे काहीच अप्रूप नसते. त्याचे अभ्यंगस्नान रोजचेच चाललेले असते. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, पदर खोचते, बाळाला पायांवर पालथे घेते आणि तेलाचा कोमट हात त्याच्या पाठीवरून फिरवू लागते. टाळू भरते. मग डाळीचे पीठ, दुधावरची साय, चिमूटभर हळद. अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा. घंगाळातले ऊन ऊन पाणी. आणि शेवटी शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी. बाळ रडून रडून लालबुंद होते आणि नंतर असे झोपी जाते, की आजीबाई समाधानाने म्हणतात, "बघा, अंग कसं मोकळं झालं!"

हा सोहळा फार जुना आहे. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात. जन्मलेल्या बाळाला पहिल्या तासात काय चोळले, कशाने धुतले, याची नोंद तेथे सापडायची नाही. तरीही कितीएक बाळे जगली आणि कितीएक गेली, याचा निकाल त्या पहिल्या तासानेच लावलेला आहे.

सारा घोटाळा एका पांढऱ्या थरापासून सुरू होतो. बाळ जन्माला येते तेव्हा त्याच्या अंगावर लोण्यासारखा एक चिकट लेप असतो. काखेत, जांघेत, कानामागे तो अधिक साचलेला. पाहणाऱ्याला तो मळच वाटतो. पाश्चात्य वैद्यकाने त्याला जे लॅटिन नाव दिले, 'व्हर्निक्स केसिओसा', त्याचा अर्थ चीजसारखे रोगण असा होतो. म्हणजे नाव देणाऱ्यालाही त्याचे फारसे कौतुक नव्हते. आपल्या सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बाळाचे जे उपचार सांगितले आहेत, त्यांत पहिलाच उपचार 'उल्ब' दूर करण्याचा आहे. उल्ब म्हणजे गर्भाला लपेटून जे जे आले ते. पुढे सैंधव आणि तूप यांनी तोंड साफ करणे, टाळूवर तुपात भिजविलेला बोळा ठेवणे, बलातेलाने अभ्यंग आणि नंतर वड-उंबरासारख्या चिकाच्या झाडांच्या काढ्याने, किंवा तापविलेले सोने-रुपे विझविलेल्या पाण्याने, नाही तर कवठाच्या पानांच्या कोमट काढ्याने स्नान. सोन्याचे पाणी कोणाच्या वाट्याला येत असेल हे सांगायला नको. परंतु टाळूवरच्या तुपाच्या बोळ्यापासून आमच्या आजीच्या टाळू भरण्यापर्यंतची वाट सरळ दिसते.

चरकाचे लक्ष तर बाळाच्या कपड्यांवरही होते. अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ असावे. घामाने, मलमूत्राने बिघडलेले टाकून द्यावे. टाकणे परवडत नसेल तर चांगले धुऊन, धूप देऊन, वाळवून मग वापरावे. गरिबाच्या घराचा असा विचार करणारा ग्रंथकार मला जवळचा वाटतो. जुन्या लुगड्याची दुपटी शिवणाऱ्या आमच्या बायकांनी चरक वाचला नव्हता, पण शंभरदा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ दुसरे काही नाही हे त्यांना ठाऊक होते. आणि धुरीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चरकाने धुपासाठी जव, मोहरी, हिंग, गुग्गुळ, वेखंड, अगदी सापाची कातसुद्धा सांगितली, पण ती सांगितली वस्त्रांसाठी आणि अंथरुणासाठी. पुढे केव्हा तरी आपण कपड्यांबरोबर बाळालाच शेगडीवर धरू लागलो. त्या धुराने बाळाच्या कोवळ्या छातीला अपायच होतो, असे आजचे डॉक्टर बजावून सांगतात.

आता तेथून थेट रोमला जाऊ, कारण सुईणींसाठी लिहिलेला एक फार चांगला ग्रंथ तेथल्या एका वैद्याच्या हातून उतरला आहे. एफेससचा सोरेनस इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करीत होता. बाळाच्या अंगावर बारीक दळलेले मीठ शिंपडावे, डोळे आणि तोंड सांभाळावे, मग कोमट पाण्याने धुऊन पुन्हा एकदा मीठ लावावे, असे तो सांगतो. मीठ फार झोंबेल तर त्यात मध किंवा ऑलिव्हचे तेल मिसळावे ही दयाबुद्धीही त्याला होती. त्याच्या मागून आलेल्या गॅलनने या मिठाचे कारणच देऊन टाकले: त्याने कातडी जाड आणि घट्ट होते. लोणच्याच्या कैरीला आपण मीठ लावतो त्यातलाच हा प्रकार, असे एखादी गृहिणी म्हणेल, आणि ते फारसे चुकीचे होणार नाही.

हे मीठ रोमन लोकांनी शोधून काढलेले नव्हते. त्यांच्याही कित्येक शतके आधी बायबलच्या जुन्या करारात यहेज्केल संदेष्ट्याने यरुशलेम नगरीला टाकून दिलेल्या तान्ह्या मुलीची उपमा दिली आहे. तिची नाळ कापली नाही, तिला पाण्याने धुतले नाही, मीठ लावले नाही, बाळंत्यात गुंडाळले नाही, अशी तिची दैना तो वर्णितो. मीठ न लावणे म्हणजे पोरके टाकणे! ज्या गोष्टीने बाळाचे कातडे सोलवटून निघत असेल, तीच मायेची खूण ठरली होती. आई-बापांच्या प्रेमात काही उणे नव्हते. उणे होते ते एवढेच, की बाळाची कातडी म्हणजे मोठ्या माणसाच्या कातडीची कच्ची आवृत्ती, तिला लवकर पक्की केली पाहिजे, असा सगळ्यांचा समज होता.

पक्के करण्याचे दुसरे साधन थंड पाणी. काही रानटी जमाती पोरांना थंडगार नदीत बुचकळून काढतात, हे ॲरिस्टॉटलने नोंदले आहे. स्पार्टातल्या बायका बाळाला मद्याने धूत, असे प्लुटार्क सांगतो. दुबळे असेल ते त्यातच जाईल, हा त्यातला हिशेब. सोरेनसने हे दोन्ही प्रकार नाकारले, हे त्याच्या शहाणपणाचे लक्षण.

युरोपात पुढे कित्येक शतके बाळांना डोक्यापासून पायांपर्यंत पट्ट्यांनी करकचून बांधण्याची चाल होती. ओल्या पट्ट्या तासन् तास तशाच राहत आणि आतली कातडी भिजून सोलून निघे. लंडनच्या अनाथ बालकाश्रमाशी संबंध आलेल्या विल्यम कॅडोगन या डॉक्टरने १७४८ साली एक छोटे पुस्तक लिहून या बंधनांविरुद्ध आवाज उठविला. १७६२ साली रूसोने 'एमिल'मध्ये, दाया अशा गुंडाळलेल्या बाळाला बोचक्यासारखे खिळ्याला अडकवून कामाला लागतात, असे लिहून सभ्य समाजाला लाजविले. याच रूसोने आपली पाचही मुले अनाथाश्रमाच्या दारात नेऊन सोडली होती. आणि बाळाला हळूहळू बर्फासारख्या पाण्याची सवय लावावी, हेही त्याचेच मत. पट्ट्या सोडविणारा माणूस थंड पाण्याच्या मोहातून मात्र सुटला नाही.

एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, रंग आले, पावडरी आल्या. १८८६ साली इंग्लंडमध्ये नवजात बाळे अचानक निळी पडू लागल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. शोध घेता कारण निघाले ते दुपट्यांवर मारलेला शिक्का! त्या शाईतला ॲनिलिन रंग ओल्या कापडातून कातडीत आणि कातडीतून रक्तात उतरला होता. बाळाची कातडी भिंतीसारखी नसून चाळणीसारखी आहे, हे त्या निळ्या अंगांनी सांगितले. शिवाय वजनाच्या मानाने बाळाचे कातडे मोठ्यांच्या दुपटीहून अधिक पसरलेले असते. लावलेल्या औषधाचा अंश त्याच्या अंगात त्या मानाने अधिक जातो.

हा धडा जगाने घेतला नाही. १९५० नंतर पाश्चात्य प्रसूतिगृहांत सगळी बाळे आयांपासून दूर, एका दालनात ओळीने ठेवीत. त्यामुळे कातडीवर फोड आणणारे जंतू एका पाळण्यातून दुसऱ्या पाळण्यात जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून हेक्झाक्लोरोफीन नावाचे जंतुनाशक आले आणि बाळांना त्याने सर्रास आंघोळ घालू लागले. फोड कमी झाले. मग १९७२ साली फ्रान्समध्ये एका पावडरीत हे औषध चुकून सहा टक्क्यांहून अधिक मिसळले गेले. पावडर लावलेली २०४ मुले आजारी पडली. त्यांतली ३६ गेली. त्यांच्या आयांनी केले होते काय? कूस लाल झाली म्हणून प्रेमाने पावडर लावली होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने या औषधावर निर्बंध घातले आणि १९७४ साली तेथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सांगितले, की बाळाच्या कातडीला शक्य तितके कमी हाताळा.

तेव्हा कोठे त्या पांढऱ्या लेपाकडे शास्त्रज्ञांची दृष्टी नीट वळली. त्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि उरलेल्यात बहुतेक सारखीच वाटणी स्निग्धांशाची नि प्रथिनांची. जंतूंना अटकाव करणारे पदार्थही त्यात सापडले. गर्भजलात महिनोन् महिने बुडालेल्या कातडीचे रक्षण करणारा आणि बाहेरच्या कोरड्या हवेत तिला ओल पुरविणारा तो लेप आहे. त्याला मीठ लावून, काढ्याने धुऊन, पिठाने खरवडून काढण्यात माणसाने दोन हजार वर्षे खर्ची घातली होती.

मग आजीचे तेल? त्याची कथा निराळी. ढाक्याच्या बालरुग्णालयात अकाली जन्मलेल्या, कागदासारख्या पातळ कातडीच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावून पाहिले. २००५ साली निकाल प्रसिद्ध झाला तो असा, की तेल न लावलेल्या बाळांपेक्षा त्यांना रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाला. मोहरीचे तेल मात्र कातडीचा बांध बिघडविते, असे आधीच्या प्रयोगांत दिसले होते. त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अकाली बाळांचे वजन अधिक वाढल्याचे दाखविले. कोकणातल्या आजीबाईंना यात नवल वाटणार नाही. पण लगेच हुरळून जायचे कारण नाही. इंग्लंडात हजाराहून अधिक धडधाकट मुलांवर प्रयोग झाला; इसब टळावे म्हणून त्यांतल्या निम्म्यांना वर्षभर रोज मलम चोपडले, आणि २०२० साली कळले की त्याने इसब टळत नाही. ज्याची कातडी अपुरी आहे त्याला तेलाचा आधार. ज्याची पुरी आहे त्याला चोळण्याचे सुख, एवढाच हिशेब सध्या मांडता येतो.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ खेड्यांत घरच्या घरी नवजात बाळांची निगा घेण्याचा उपक्रम केला. गावातल्याच बायका शिकून तयार झाल्या. बाळाचे वजन घेणे, त्याला उबेत ठेवणे, आईला समजावणे आणि जंतुदोष ओळखून औषध देणे ही त्यांची कामे. तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावांच्या तुलनेत तेथील नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. ऊब सांभाळणे हे त्यातले एक काम, आणि ते पहिल्या आंघोळीशी बांधलेले आहे. ओल्या अंगाचे, दोन-अडीच किलोचे बाळ पाण्यात घातले की बघता बघता गार पडते. बाहेर मे महिना असला तरी.

जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला असा, की जन्मल्याबरोबर बाळाला कोरड्या कापडाने टिपून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, तो पांढरा थर खरवडू नये आणि आंघोळ निदान २४ तास पुढे ढकलावी. घरच्या रीतीमुळे ते जमतच नसेल, तर निदान ६ तास तरी थांबावे, अशी सवलत २०१३ च्या सूचनांत दिलेली आहे. आता बंबात विस्तव घालून बसलेल्या आजीबाईंना ते ६ तास कोणी आणि कसे समजावायचे, हे काम घरातल्या सुनांकडे राहते. पाणी निवू दे, म्हणावे. तेलाची वाटी मात्र उन्हात ठेवून द्या.