एकाच झाडाचा संत्रा, दोन भाव : आंबिया आणि मृग

भोपाळ, इंदूर, नागपूरकडे स्थायिक झालेले आपले सभासद नेहमी विचारतात, की दिवाळीत स्वस्त मिळणारा संत्रा होळीच्या सुमारास महाग का होतो? पांढुर्णा-सौंसर भागातल्या बहुतेक बागांत जात एकच आहे, नागपुरी संत्रा. फरक बहाराचा आहे.

आंबिया बहार : याला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडणीला येते. उन्हाळाभर विहिरीचे पाणी द्यावे लागते. पावसाळ्यात फळगळ होते. या हंगामात आपल्याकडचा, तसाच वरूड-मोर्शीकडचा माल एकदम बाजारात उतरतो. म्हणून भाव दबतो.

मृग बहार : मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. मृगाच्या पावसाने ताण सुटला की फूल येते आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघते. थंडीत वाढलेले हे फळ गोड असते, साल घट्ट असते आणि ते जास्त दिवस टिकते. त्या वेळी आंबियाचा माल संपलेला असतो. मात्र अवकाळी पावसाने ताण मोडला, किंवा काळ्या भारी जमिनीत तो नीट बसलाच नाही, तर मृग फुटत नाही. एकाच झाडावर दोन्ही बहार भरपूर घेतले तर झाड खचते. त्यामुळे मृगावर विसंबलेल्या शेतकऱ्याचे अख्खे वर्ष रिकामे जाऊ शकते. वाढीव भावात ही जोखीमही धरलेली असते.

किन्नू : पंजाब-राजस्थानकडचे हे फळ संत्र्यासारखेच दिसते, पण जात वेगळी. ती कॅलिफोर्नियात ‘किंग’ आणि ‘विलो लीफ’ यांच्या संकरातून झाली व १९३५ मध्ये प्रसारित झाली. किन्नूची साल चिकटलेली असते, म्हणून लांबच्या प्रवासात ते कमी दबते. आपल्या संत्र्याची साल सैल असते. सोलायला सोपी, पण ट्रकमध्ये फळ लवकर दबते. दिल्लीच्या बाजारात ही गोष्ट भावावर परिणाम करते.

याशिवाय आकार, रंग आणि डाग पाहून मालाची निवड होते. बारीक फळ चवीला चांगले असले तरी कमी भावात जाते. आपल्याकडे अनेक बागा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला ठरवून दिल्या जातात. नंतर भाव चढला तर तो फायदा शेतकऱ्याच्या घरी येत नाही, हे सौदा करताना लक्षात ठेवावे.

शहरातल्या सभासदांना आमची एवढीच विनंती, की संत्रा घेताना तो कोणत्या बहाराचा आहे हे विचारा. दिवाळीच्या सुमारास आंबिया घेतलात तर ताजा संत्रा कमी पैशात मिळेल. पाहुण्यांना पाठवायचा किंवा आठ दिवस ठेवायचा असेल, तर मृगाची वाट पाहा. गावाकडे बाग असलेल्या घरांनी कोणता बहार धरायचा, हे आधी विहिरीचे पाणी आणि जमीन पाहून ठरवावे. भावाचा विचार त्यानंतर.