सर्पगंधा ते इको: मोजल्याशिवाय कळत नाही

पनवेलकरांनो, धूतपापेश्वर १८७२ मध्ये आपल्याच गावात सुरू झालं, त्यामुळे मुळ्या-पाल्याची औषधं आपल्याला नवीन नाहीत. अशाच एका मुळीने जगाला रक्तदाबाची गोळी दिली, आणि ते घडलं शेजारच्या मुंबईत.

सर्पगंधा वैद्य पूर्वापार झोपेसाठी, वेडासाठी देत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिली, दाब मोजून नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

तेव्हा बरेच डॉक्टर वाढलेला दाब म्हणजे वयाचा भाग समजायचे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांना वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा कुठे दाब आणि हृदयविकाराचं नातं पक्कं झालं.

१९५३ मध्ये स्वीडनच्या एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी धडधडतं हृदय टिपलं. यंत्र कुठलं? जहाजाच्या कारखान्यातून उसनं आणलेलं, धातूतल्या भेगा शोधायचं! आज इकोमध्ये दाब सोसून जाड झालेली हृदयाची भिंत दिसते, आणि माणूस म्हणतो, "मला काहीच त्रास नाही."

म्हणून सांगतो, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. सर्पगंधाही मनाने घेऊ नका, तिने उदासी येऊ शकते. आणि या रविवारी घरातल्या सगळ्यांचा बीपी मोजाच.