तळटीप : सिकलसेल, एका अक्षराचा फरक

* लेखक ज्याला नुसताच ‘रक्तातला दोष’ म्हणतात तो सिकलसेल. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागांत आजही आढळणारा. बीटा-ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या त्रिकात जीएजीऐवजी जीटीजी येते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसते आणि ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तांबडी पेशी विळ्यासारखी वाकवतात. व्हर्नन इन्ग्रॅमने ही अदलाबदल १९५७मध्ये दाखवून दिली. तिथेच जीएए आले असते तर काहीच बिघडले नसते, कारण तेही ग्लुटामिकचेच त्रिक. अक्षर गळाले तर मात्र पुढची सगळी त्रिके सरकतात आणि प्रथिन बहुधा निकामीच होते. तरी लेखकाचा निवाडा एकांगी वाटतो : हे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले असेल, तर गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. — संपादक