वर्धा योजना : एका अभ्यासक्रमाची कहाणी

प्राथमिक शाळेत मुलास काय शिकवावे, कोणत्या भाषेतून शिकवावे आणि पुस्तकाबाहेरच्या गोष्टींस किती वेळ द्यावा, हे प्रश्न महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत शाळाप्रवेशाच्या दिवसांत हमखास निघतात. या प्रश्नांचे एक सविस्तर आणि धाडसी उत्तर आपल्याच मराठी मुलखातील एका गावी तयार झाले होते. ते गाव वर्धा आणि ते साल १९३७. 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' या नावाने ती योजना सर्वांच्या कानावरून गेलेली असते. तिचा अभ्यासक्रम मात्र क्वचितच कोणी उघडून पाहिलेला असतो. येथे मुख्यतः त्याविषयीच लिहावयाचे आहे.

योजनेचा उगम अर्थसंकल्पाच्या पेचात आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. १९३७ च्या जुलैमध्ये अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. दारूबंदी आणि सक्तीचे मोफत शिक्षण ही दोन्ही वचने त्यांच्या शिरावर होती. परंतु शिक्षणाचा खर्च मोठ्या प्रमाणावर दारूच्या महसुलातूनच चाले. दारू बंद करावी तर शाळांना पैसा नाही आणि शाळा वाढवाव्यात तर दारू चालू ठेवावी लागते, असा हा तिढा होता. गांधीजींनी 'हरिजन'मधून यावर जो तोड सुचविला तो ऐकून शिक्षणतज्ज्ञ चकित झाले. शाळेत हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया करावा. त्यातून मुलांचे शरीर, बुद्धी आणि अंतःकरण यांचा एकत्र विकास होईल आणि मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा चालू खर्चही भागेल, असे त्यांचे म्हणणे होते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी होते. त्या परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समितीची नावे पाहिली तर हिंदुस्थानचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो : के. जी. सय्यदैन, जे. सी. कुमारप्पा, प्रा. के. टी. शहा, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू, आणि त्यांच्या जोडीस विनोबा भावे व काका कालेलकर. कालेलकर मूळचे साताऱ्याचे. पण गुजरातीत असे रमले की गांधीजींनी त्यांस 'सवाई गुजराती' म्हटले. निमंत्रक होते ई. डब्ल्यू. आर्यनायकम्. ते सिलोनचे तमिळ ख्रिस्ती, तर त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. उभयतां शांतिनिकेतनातून वर्ध्यास आले आणि पुढे आयुष्यभर तेथेच राहिले. आपण मंडळी उपजीविकेसाठी मराठी मुलूख सोडून दूर आलो. हे दांपत्य एका शाळेसाठी दुरून आपल्या मुलखात गेले. ही उलट वाट मला नेहमीच विचार करावयास लावते.

समितीने डिसेंबरमध्येच अहवाल दिला. सरकारी समित्यांच्या गतीचा ज्यांस अनुभव आहे, त्यांस ही त्वरा विशेष वाटेल. सात ते चौदा या वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचे सक्तीचे मोफत शिक्षण, माध्यम मातृभाषा, आणि मध्यभागी एक मूलोद्योग अशी आखणी होती. उद्योग म्हणजे कताई-विणाई, सुतारकाम, शेती, फळबाग-भाजीपाला, चामड्याचे काम; स्थानिक परिस्थितीस अनुरूप असा कोणताही. विषय म्हणून मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान, चित्रकला, संगीत आणि हिंदुस्थानी. इंग्रजीस या सात वर्षांत स्थान नव्हते.

वेळापत्रक तर मुळातूनच पाहण्यासारखे आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांपैकी मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे. मातृभाषेस ४० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित या तिहींस मिळून ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३० मिनिटे. शारीरिक शिक्षणास १० आणि मधल्या सुटीस १०. आजच्या पालकाने हे वाचले तर त्याचा जीव दडपेल. गणितास संगीत आणि चित्रकलेबरोबर एका पंक्तीस बसविले, ही तर त्याच्या दृष्टीने केवळ थट्टाच!

ती थट्टा नव्हती. समितीची कल्पना अशी होती की, त्या तीन तास वीस मिनिटांतच निम्मे शिक्षण व्हावे. निसर्ग, समाज आणि उद्योग या तीन केंद्रांशी प्रत्येक विषयाचे नाते जोडावयाचे. यालाच 'समवाय' हा शब्द रूढ झाला. कताईचेच उदाहरण घ्या. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. मुलाने आज किती तार काढले, गुंडीस किती कमी पडले, आठवड्याची सरासरी किती आली, अमुक वजनाच्या पेळूंतून किती सूत निघाले व किती वाया गेले, या हिशेबांत बेरीज-वजाबाकीपासून त्रैराशिकापर्यंत सारे गणित येते. कापूस कोठून आला म्हटले की वऱ्हाडची काळी जमीन आणि पाऊसपाणी. तो कोठे गेला म्हटले की मुंबईचे बंदर आणि लँकेशायरच्या गिरण्या. म्हणजे भूगोल झाला आणि इतिहासही. टकळी का फिरते, पीळ का बसतो, हे विज्ञान. दिवसभरात काय केले ते चार ओळींत लिहून काढणे, ही भाषा. कताईच्या अभ्यासक्रमामागे विनोबांसारख्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता. नालवाडीस ते कताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग करीत होते. त्यांच्या दृष्टीने टकळी हे प्रतीक नसून हिशेब ठेवण्याजोगे हत्यार होते.

मात्र या साऱ्या इमारतीचा भार एकाच खांबावर होता आणि तो म्हणजे शिक्षक. जो शिक्षक स्वतः पाठांतरावर वाढला, त्यास अल्पावधीच्या प्रशिक्षणानंतर गुंडीतून त्रैराशिक आणि कापसातून जगाचा इतिहास काढावयास सांगणे सोपे नव्हते. बहुतेक ठिकाणी समवाय ओढूनताणून साधला जाई, नाही तर सोडून दिला जाई. मग उरे ती नुसती कताई.

दुसरा वाद स्वावलंबनाचा. मुलांच्या श्रमावर शाळा चालवावयाची म्हणजे शाळेचा कारखाना होईल आणि शिक्षकाची नजर मुलावरून उठून मालावर जाईल, अशी भीती होती. खुद्द वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. शहांनी या अंगावर टीका केली होती. माझ्या मते ही टीका रास्त होती. १९४४ च्या सार्जंट योजनेनेही कृतीतून शिक्षण हे तत्त्व स्वीकारले. पण स्वावलंबन नाकारले. मुलांच्या मालातून फार तर कच्च्या मालाचा व साधनांचा खर्च निघेल, असा तिचा अभिप्राय पडला. अर्थसंकल्पाच्या पेचातून जन्मलेला हा भाग योजनेस शेवटपर्यंत जड गेला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन सेवाग्रामास त्याचे ठाणे झाले. मध्यप्रांतात पं. रविशंकर शुक्लांनी 'विद्यामंदिर' योजना काढली; पण त्या नावावरूनच मुस्लीम लीगने वाद उभा केला. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि शिक्षण खातेही त्यांजकडेच होते. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने वर्धा योजनेच्या विचारासाठी ज्या दोन समित्या नेमल्या, त्या दोहोंचे अध्यक्षपद खेरांकडे होते. योजना प्रथम खेड्यांत लागू करावी आणि वय सहा ते चौदा धरावे, या त्यांच्या महत्त्वाच्या शिफारशी. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळे बाहेर पडली, पाठोपाठ १९४२ आले, आणि बऱ्याच ठिकाणचे काम विसकटले. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमचा विस्तार जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या शिक्षणात झाला.

स्वातंत्र्यानंतर 'बुनियादी' हा शब्द सरकारमान्य झाला आणि तेथेच त्याचा कस गेला, असे म्हणावयास हरकत नाही. साध्या शाळेत टकळ्यांची पेटी पोहोचली की कागदोपत्री ती शाळा मूलोद्योग शाळा होई. महाराष्ट्रातील खेडोपाडी 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशा पाट्या अद्याप दिसतात. त्या याच काळाची खूण. शहरांतील सुशिक्षितांनी स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळांत घातले आणि मूलोद्योग खेड्यातल्या मुलांसाठी ठेवला. ज्या अभ्यासक्रमास त्याचे पुरस्कर्तेच आपली मुले सोपवीत नाहीत, तो फार काळ तग धरत नाही.

१९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा नवा शब्द दिला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याचे 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' केले. बदलीच्या नोकरीतल्या आपल्या मुलांनी केंद्रीय विद्यालयांत 'एसयूपीडब्ल्यू' नावाचा जो तास पाहिला, तो हाच. कागदाची फुले आणि काड्यापेटीचे घर, तेही बहुधा आईने आदल्या रात्री करून दिलेले. ३ तास २० मिनिटांचा प्रवास येथवर आला होता.

आपणांस जवळचा मुद्दा मातृभाषेचा. वर्ध्याच्या समितीने मातृभाषेस ४० मिनिटे दिली, कारण उरलेला सारा दिवसही मातृभाषेतच जावयाचा होता. परप्रांतातील आपल्या मुलांच्या बाबतीत हा हिशेब उलटा होतो. मंडळांच्या मराठी वर्गात मिळणारी आठवड्याची घटकाभर हीच त्यांची सारी मराठी ठरते. त्या घटकेत व्याकरण व शुद्धलेखन घ्यावे की काही करीत करीत मराठीतून बोलावे, यावर निरनिराळ्या मंडळांत वाद झालेले मी ऐकले आहेत. गुंडीचा हिशेब मराठीत मांडणाऱ्या मुलास भाषेचा वेगळा तास वाटत नव्हता, एवढे येथे नमूद करतो. दिवाळीचा आकाशकंदील किंवा मंडळाच्या गणपतीची आरास मुलांकडून मोजमापासह मराठीत करवून घेतली, तर तोही समवायच होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषा माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्याचे दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. सात वर्षांच्या जागी दहा दिवस आले आहेत.

सेवाग्रामची मूळ शाळा मध्यंतरी बंद पडली होती. नई तालीम समितीने २००५ साली तेथे 'आनंद निकेतन' या नावाने मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू केली. मुले तेथे भाजीपाला पिकवितात, सूत काततात, स्वयंपाकघरात काम करतात आणि त्याचा हिशेब वहीत लिहितात. नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या वर्धा किंवा सेवाग्राम स्थानकावरून जातात. सुटीत गावी जाताना मुलांना घेऊन तेथे एक दिवस उतरणे सहज शक्य आहे.