पिंपरीची माती, त्सुकुबाची माती: मूत्रपिंड रोपणानंतरच्या जंतुसंसर्गाची गोष्ट

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीचा इतिहास सांगताना आपण सुरुवात करतो ती हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. 1954 साली ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत मिळाली आणि पुढच्याच वर्षी पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. बजाज, टेल्को, चाकणचे गाड्यांचे कारखाने हे सगळं नंतरचं. म्हणजे या पट्ट्यातला पहिला मोठा कारखाना उभा राहिला तो जंतुसंसर्गाशी लढायला.

त्याच 1954 सालची दुसरी घटना. 23 डिसेंबरला बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचं एक मूत्रपिंड त्याच्या भावाला, रिचर्डला बसवलं आणि ते टिकलं. का टिकलं? दोघे एकसारखे जुळे, त्यामुळे जनुकं तीच. रिचर्डच्या शरीराला हे मूत्रपिंड परकं वाटलंच नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागली नाहीत आणि त्या औषधांपाठोपाठ येणारा संसर्गाचा धोकाही आला नाही.

पण जुळा भाऊ किती जणांना असतो? आई लेकराला मूत्रपिंड देते, तेव्हाही लेकराकडे तिची निम्मीच जनुकं असतात. बाकी सगळ्यांसाठी प्रतिकारशक्ती दाबणं भाग होतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं ॲझाथायोप्रिन 1960च्या दशकात यासाठी वापरात आलं. शरीर नवं मूत्रपिंड नाकारायचं, ते बरंच थांबलं. पण पहारा सैल झाला आणि रोपण झालेले रुग्ण संसर्गाने दगावू लागले.

आपल्याकडे 1965 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात रोपणाचा प्रयत्न झाला, पण रुग्ण वाचला नाही. 1971 मध्ये वेल्लोरला यश आलं. मात्र भारतात एक जुना पाहुणा आधीपासून घरात होता, तो म्हणजे क्षयरोग. वेल्लोरच्या 1986 ते 1999 या काळातल्या नोंदींत, रोपण झालेल्या शंभरातल्या सुमारे तेरा जणांना पुढे क्षयरोग झाला.

आता प्रश्न असा. औषध तेच, वॉर्ड तोच, तरी एकाला संसर्ग होतो आणि शेजारच्या खाटेवरच्याला होत नाही. हे कसं?

पहिला धागा औषधाच्या पचनात सापडला. ॲझाथायोप्रिन निकामी करणारं टीपीएमटी नावाचं एक विकर आपल्या शरीरात असतं. 1980 मध्ये अमेरिकेत रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी दाखवलं की साधारण तीनशेत एका माणसात ते जवळपास नसतंच, आणि हे अनुवंशाने ठरतं. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरतात आणि संसर्गाला मोकळं रान मिळतं. पण आशियातल्या रुग्णांचं कोडं यातून पूर्ण सुटत नव्हतं. 2014 मध्ये कोरियातल्या रुग्णांच्या अभ्यासातून एनयूडीटी15 हे दुसरं जनुक पुढे आलं. भारतीयांमध्येही त्यातला बदल टीपीएमटीतल्या बदलापेक्षा जास्त आढळतो. बघा, पाश्चात्त्य पुस्तकातला आकडा जसाच्या तसा आपल्याला लावला असता तर हे निसटलं असतं.

दुसरा धागा पुन्हा मातीकडे नेतो. 1961 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध जगापुढे ठेवलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना, म्हणजे आपल्या पिंपरीवरून पडलेलं. 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबाच्या मातीतून त्याच कुळातला जिवाणू मिळाला आणि त्याच्यापासून टॅक्रोलिमस आलं. आज रोपणानंतर बहुतेकांना हेच औषध दिलं जातं. कूळ एकच, पण एकाचं औषध बुरशीला मारतं, तर दुसऱ्याचं शरीराच्या पहारेकऱ्याला झोपवतं.

टॅक्रोलिमस शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं, हे बऱ्याच अंशी सीवायपी3ए5 या जनुकावर ठरतं. युरोपातल्या बहुसंख्य लोकांत त्याचं काम करणारं रूप नसतं. आपल्याकडे ते असणारी माणसं बरीच जास्त. अशांना डोस जास्त लागतो. ज्यांच्यात ते नाही त्यांच्या रक्तात तेवढ्याच गोळीने औषध साचतं, आणि गरजेपेक्षा जास्त प्रतिकारशक्ती दबली की संसर्गाचा धोका वाढतो. मग प्रत्येकाचं जनुक तपासायचं का? फ्रान्समधल्या चाचणीत, 2010 साली, जनुक पाहून डोस ठरवल्यावर रक्तातली योग्य पातळी लवकर गाठली गेली, पण रुग्णांच्या प्रकृतीत ठळक फरक दिसला नाही. म्हणून रक्तातली पातळी वेळोवेळी तपासणं हाच आजही मुख्य आधार आहे.

तिसरा धागा प्रतिकारशक्तीच्या स्वतःच्या जनुकांचा. जंतूला ओळखून चिकटणारं एमबीएल हे प्रथिन काहींच्यात जन्मतःच कमी असतं. जंतूची चाहूल घेणाऱ्या टीएलआर4सारख्या जनुकांचाही अभ्यास झाला. पण निष्कर्ष एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत आणि एकेका जनुकाचा वाटा छोटा आहे. त्यामुळे जनुकांची तपासणी ही काही जन्मपत्रिका नव्हे.

मग हा इतिहास आपल्या काय कामाचा? या पट्ट्यात रोपणानंतर माणूस परत पाळीवर उभा राहतो, भाड्याच्या एका खोलीत चार जणांत राहतो. ताप आला की घरचे म्हणतात, "बाहेरचं खाल्लं असशील, पथ्य पाळलं नसशील." कधी ते खरंही असतं. पण पथ्य सगळं पाळूनही संसर्ग होऊ शकतो. दोष देण्याआधी रक्त तपासावं. ॲझाथायोप्रिन सुरू होणार असेल तर टीपीएमटी आणि एनयूडीटी15ची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावं. पांढऱ्या पेशी किती, औषधाची पातळी किती, हेही विचारावं. गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत. क्षयरोगाची चाचणी रोपणाआधी घरातल्या सगळ्यांची झालेली बरी.

बोस्टनच्या त्या भावांची जनुकं आपोआप जुळली होती. बाकीच्यांसाठी ते जुळवून घेण्याचं काम औषधाने, तपासणीने आणि थोड्या समजुतीने करायचं आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.